गुलामगिरी आणि वर्णभेदाच्या इतिहासापुढे ख्रिस्ती श्रद्धा : मंडळीत अभ्यासवर्ग कसा चालवावा

१८०७ साली लंडनमध्ये पवित्र शास्त्राची एक खास आवृत्ती छापली गेली. वेस्ट इंडीज बेटांवरच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांसाठी ती तयार केली होती. योसेफाला त्याच्या भावांनी विकले आणि परक्या देशात तो धन्याशी इमानाने वागला, ही कथा तिच्यात होती. मोशेने फरोपुढे उभे राहून आपल्या लोकांची सुटका मागितली, ही कथा मात्र नव्हती. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे हे इफिसकरांस पत्रातले वचन होते; ख्रिस्तामध्ये दास नाही आणि स्वतंत्र नाही हे गलतीकरांस पत्रातले वचन काढून टाकले होते. जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के आणि नव्या कराराचा जवळजवळ निम्मा भाग गाळणारे हे लोक धर्माचे विरोधक नव्हते. गुलामांचे तारण व्हावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि मळेमालकांना त्या तारणाची धास्ती वाटू नये याचीही त्यांनी काळजी घेतली होती.

गुलामगिरी, वर्णभेद आणि सामाजिक अन्याय यांच्यापुढे आपल्या श्रद्धेला उभे करून पाहण्याची ज्या मंडळीची तयारी असेल तिने याच ठिकाणाहून निघावे, असे मला वाटते. ख्रिस्ती धर्म गुलामगिरीच्या बाजूचा की विरोधातला, हा प्रश्न घेऊन वर्ग सुरू केला तर पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात आणि दोन्ही तटांना आपापल्या सोयीचे पुरावे सापडतात. त्यापेक्षा शास्त्र कोण वाचून दाखवत होते, कोणाला ते वाचायला बंदी होती आणि त्या वाचनाची किंमत कोणाच्या शरीराने मोजली, हे प्रश्न सर्व बैठकांत धरून ठेवावेत. पाळक, शब्बाथ शाळेचे शिक्षक, तरुण संघाचे आणि महिला मंडळाचे चालक, तसेच कॅथलिक धर्मग्रामांतील अभ्यासगट यांना सहा ते आठ बैठकांचा वर्ग चालवता यावा, अशा बेताने पुढील सूचना केल्या आहेत.

वर्ग बसवण्याआधी

दहा ते पंधरा माणसांपेक्षा मोठा गट करू नये, कारण या विषयात ऐकण्याला बोलण्याइतकाच वेळ लागतो. चालक दोन असावेत आणि शक्यतो ते वेगवेगळ्या समाजांतून मंडळीत आलेल्या घरांतले असावेत; एकाच्या नजरेतून जे सुटते ते दुसऱ्याला दिसते. पाळकांना आणि पंच कमिटीला विषय आधीच सांगावा, शेवटच्या बैठकांत तो आपल्या मंडळीकडे वळणार आहे हेही सांगावे. ही गोष्ट लपवून वर्ग सुरू केला तर नेमक्या महत्त्वाच्या वळणावर तो बंद पडतो.

प्रत्येकाच्या हातात संपूर्ण पवित्र शास्त्र असावे. निवडक वचनांचे छापील कागद वाटण्याचा मोह टाळावा, कारण मागचे-पुढचे वाचता न येणे हाच १८०७ च्या त्या आवृत्तीचा मूळ दोष होता. अटलांटिक महासागराचा एक मोठा नकाशा भिंतीवर लावावा. मंडळीच्या जुन्या नोंदवह्या, म्हणजे बाप्तिस्म्याची, विवाहाची, दफनाची वही आणि सभांची इतिवृत्ते, पाळकांच्या परवानगीने पाहायला मिळतील अशी व्यवस्था करून ठेवावी. त्या कशासाठी हव्यात ते पुढे येईल.

एक नियम पहिल्याच दिवशी सर्वांकडून मान्य करून घ्यावा. ज्याच्या घराण्याने जातीचा अपमान सोसला आहे अशा कोणालाही ‘तुमचा अनुभव सांगा’ असे म्हणून वर्गापुढे उभे करू नये. त्याला आपणहून बोलायचे असेल तर पूर्ण वेळ द्यावा, मध्ये कोणी सांत्वन करू नये, आणि तो जे बोलेल ते त्याच्या संमतीवाचून खोलीबाहेर जाऊ नये. आपल्याला शिकवण्याचे ओझे सोसणाऱ्यावर टाकणे हाही अन्यायाचाच एक प्रकार आहे.

अवघड वचने आधी

बहुतेक वर्ग निर्गमाच्या कथेपासून किंवा आमोस संदेष्ट्याच्या, न्याय पाण्यासारखा वाहो, या हाकेपासून सुरू होतात. माझे मत उलट आहे. पहिल्या दोन बैठका अवघड वचनांना द्याव्यात, कारण ती टाळली आहेत हे तरुणांना लगेच कळते आणि मग नंतरच्या सुंदर वचनांवरचा त्यांचा विश्वास उडतो.

निर्गमाचा २१वा अध्याय मोठ्याने वाचावा. त्यात माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगितला आहे, आणि त्याच अध्यायात धन्याने दासाला काठीने मारले व तो एक-दोन दिवस जगला तर धन्याला दंड नाही, कारण तो त्याचे धन आहे, असेही म्हटले आहे. लेवीय २५ मध्ये योबेल वर्षी, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी, देशभर स्वातंत्र्य पुकारण्याची आज्ञा आहे, आणि थोडे पुढे गेल्यावर आसपासच्या राष्ट्रांतले दास विकत घेऊन मुलाबाळांना वारसा म्हणून देण्याची मुभाही आहे. इफिसकरांस ६, कलस्सैकरांस ३ व ४, पहिले तीमथ्य ६ आणि पहिले पेत्र २ ही स्थळेही वाचावीत. वाचून झाल्यावर चालकाने लगेच स्पष्टीकरणाला धावू नये. त्या काळची गुलामगिरी सौम्य होती, ती घरगड्यासारखी होती, असे सांगून वर्गाला धीर देण्याची पद्धत आहे; ती सोडून द्यावी. रोमी साम्राज्यातल्या दासाच्या शरीरावर धन्याचा पूर्ण ताबा होता, त्याला फटके मारता येत, विकता येत, त्याच्या बायकामुलांपासून तोडता येत असे, आणि पेत्राच्या पत्रात कठोर धन्यांचा उल्लेख आहे तो उगाच नाही.

याच्या जोडीला दुसरी स्थळे ठेवावीत, पण ती पहिल्यांना पुसून टाकण्यासाठी वापरू नयेत. अनुवाद २३ मध्ये धन्याकडून पळून आलेल्या दासाला त्याच्या स्वाधीन करू नये, त्याला आवडेल त्या ठिकाणी राहू द्यावे, अशी आज्ञा आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १८५० साली केलेल्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला पकडून परत देणे उत्तरेतल्या राज्यांतील नागरिकांवरही बंधनकारक केले. हा कायदा आणि हे वचन शेजारी शेजारी ठेवून वर्गाला विचारावे की त्या वर्षी एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाच्या दारात असा माणूस आला असता तर त्या कुटुंबाने कोणाचे ऐकायला हवे होते. पहिल्या तीमथ्याच्या पहिल्या अध्यायात माणसे पळवून विकणाऱ्यांची गणना घोर पाप्यांत केली आहे. प्रकटीकरण १८ मध्ये बाबेलीच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी सोन्यारुप्यापासून सुरू होते आणि माणसांच्या जिवांवर येऊन संपते. ही यादी एका सदस्याने सावकाश वाचावी.

फिलेमोनाला लिहिलेले पत्र पूर्ण एक बैठक मागते. ते जेमतेम २५ वचनांचे आहे. पौल अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवतो, म्हणून गुलाममालकांना हे पत्र प्रिय होते. पौल त्याला दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकारायला सांगतो, म्हणून गुलामगिरीच्या विरोधकांनाही ते आपले वाटले. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात चार्ल्स कॉलकॉक जोन्स हे पाळक गुलामांना उपदेश करीत. एकदा त्यांनी याच पत्राच्या आधारे पळून जाणे पाप आहे असे सांगितले, तेव्हा समोरचे निम्मे श्रोते उठून चालते झाले आणि राहिलेल्यांपैकी काहींनी असे पत्र शास्त्रात नाहीच, असे ठामपणे सांगितले. ही हकीकत १८३३ च्या सुमाराची असून स्वतः जोन्स यांनीच ती नोंदवली आहे. तिच्यावर वर्गात मोकळी चर्चा होऊ द्यावी. त्या श्रोत्यांना अक्षरओळख करून घेण्याची मुभा नव्हती, तरीही देवाचे शब्द कोणते आणि धन्याचे कोणते हे त्यांना ओळखता येत होते.

हॉवर्ड थर्मन यांच्या आजीचे उदाहरण इथेच सांगावे. थर्मन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मचिंतक. १९३६ साली बारडोलीला येऊन ते गांधीजींना भेटले होते. त्यांची आजी फ्लोरिडात गुलाम म्हणून वाढली होती. तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला शास्त्र वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे, अपवाद फक्त पहिले करिंथकरांस पत्राच्या तेराव्या, प्रीतीच्या अध्यायाचा. धन्याचा उपदेशक वर्षातून काही वेळा येऊन दासांनी आज्ञेत राहावे हेच वचन ऐकवी, आणि पुढे स्वातंत्र्य मिळाले तर पौलाचा तो भाग पुन्हा वाचायचा नाही, असे तिने ठरवून टाकले होते. तिने हे बरोबर केले का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्यावर चालकाने निवाडा देऊ नये. ज्याच्या पाठीवर वचनाचा वळ उठला आहे त्याने ते वचन बाजूला ठेवले, तर त्याची श्रद्धा कमी पडली असे मी तरी म्हणणार नाही.

इतिहासातले प्रसंग कसे निवडावेत

इतिहास अफाट आहे आणि तो सगळा सांगू गेल्यास वर्गाचे व्याख्यान होते. तीन-चार प्रसंग निवडून प्रत्येकाला वेळ द्यावा. निवडताना ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्स यांच्यापासून सुरुवात करू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यांचे कार्य मोठे आहे यात शंका नाही, परंतु त्यांच्यापासून सुरुवात झाली की गोष्ट चांगल्या माणसांनी दुबळ्यांची सुटका केल्याची होते आणि ज्यांनी स्वतःच्या सुटकेसाठी जीव दिला ते पडद्यामागे राहतात.

त्यांच्याऐवजी सॅम्युअल शार्प यांना आधी घ्यावे. जमैका बेटावरचे हे गुलाम बॅप्टिस्ट मंडळीचे डीकन होते. शास्त्र वाचून त्यांची खात्री झाली होती की एका माणसाने दुसऱ्याचा मालक होणे देवाला मान्य नाही, आणि कोणी दोन धन्यांची सेवा करू शकत नाही हे प्रभूचे वचन त्यांनी अक्षरशः घेतले. १८३१ च्या नाताळानंतर मजुरीशिवाय काम करायचे नाही असा बेत ठरला. त्याचे पर्यवसान उठावात झाले, तो क्रूरपणे मोडून काढण्यात आला आणि २३ मे १८३२ रोजी शार्प यांना फाशी देण्यात आली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्या कायद्याने २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई ठरवली ती मालकांसाठी. गुलामांना काहीही मिळाले नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता, आणि हिंदुस्थानातल्या न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये असा कायदा १८४३ साली झाला. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांवर जे करारी मजूर नेले गेले त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. वर्गात मॉरिशसशी नाते असलेले कोणी असेल तर हा धागा त्यांच्या हाती द्यावा.

दुसरा प्रसंग मनःपरिवर्तनाचा. जॉन न्यूटन हे नाव प्रसिद्ध भक्तिगीताचे कवी म्हणून आपल्या मंडळ्यांत ठाऊक असते, आणि त्यांची साक्ष अशी सांगितली जाते की गुलामांच्या जहाजावरच्या या पाप्याला वादळात देव भेटला आणि तो बदलला. वादळ १७४८ चे, हे सनावळीसाठी नव्हे तर पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवावे. कारण त्यानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजाचे कप्तान झाले आणि १७५४ पर्यंत तो धंदा करीत राहिले. तो सुटला आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जाहीरपणे लिहिले ते १७८८ साली. गुलामगिरीतून पळून पुढे तिच्याविरुद्ध लढलेले अमेरिकी वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे धनी थॉमस ऑल्ड यांचा अनुभव याहून कडवा आहे. १८३२ साली एका मेथडिस्ट शिबिरात त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. आता तरी ते सौम्य होतील, ही डग्लस यांची आशा फोल ठरली, कारण ते अधिकच निर्दय झाले आणि मारताना शास्त्रातली वचने म्हणू लागले. माणसाचे हृदय बदलले की समाज आपोआप बदलेल, ही समजूत आपल्या मंडळ्यांत खोल रुजलेली आहे. ती खरी आहे का, हे तपासायला या दोन चरित्रांइतके चांगले साधन नाही. न्यूटन अखेर बदलले, हेही सांगावे, आणि त्या मधल्या वर्षांत त्यांच्या जहाजाच्या तळाशी कोण होते, हेही विचारावे.

तिसरा प्रसंग संस्थेचा घ्यावा, कारण व्यक्तीचे पाप ओळखणे सोपे असते, संस्थेचे ओळखणे कठीण. बार्बाडोस बेटावरचे कॉड्रिंग्टन मळे १७१० साली मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चच्या सुवार्ताप्रसारक सोसायटीकडे आले, आणि तेथील गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जाई. त्या चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, २००६ साली याबद्दल क्षमा मागितली. अमेरिकेत मेरीलंडच्या जेझुइट धर्मगुरूंनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरचे २७२ स्त्री-पुरुष आणि मुले लुइझियानातल्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकण्याचा करार केला. त्यातला काही पैसा जॉर्जटाऊन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. विकली गेलेली बरीचशी माणसे बाप्तिस्मा झालेली कॅथलिक होती. विक्रीच्या कागदावरचे पहिले नाव आयझॅक यांचे, आणि २०१७ साली विद्यापीठाने जाहीर क्षमा मागून आपल्या एका इमारतीला त्यांचे नाव दिले. आजच्या वंशजांचा माग लागण्यात जुन्या चर्चमधल्या नोंदींचा मोठा उपयोग झाला. नोंदवही अन्यायाची साथीदारही असते आणि साक्षीदारही.

गोव्यातल्या आणि वसईतल्या वाचकांनी या ठिकाणी पाचवे निकोलस या पोपचे १४५५ चे आज्ञापत्र घ्यावे. पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेतील अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे दास करण्याची परवानगी त्यातून मिळाली होती, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर तिथल्या बाजारात आफ्रिकेतून आणलेली माणसेही विकली गेली. व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी अशा आज्ञापत्रांवर उभ्या राहिलेल्या, अख्रिस्ती लोकांचे मुलूख घेण्याचा हक्क सांगणाऱ्या सिद्धांताचा जाहीर त्याग केला.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, मुंबई या भागांतल्या ज्या मंडळ्यांची मुळे अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहेत, त्यांना तर हा इतिहास घरचाच आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने, म्हणजे या मिशनच्या मूळ संस्थेने, १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात काम सुरू केले, त्याच बोर्डाने चोक्टॉ आणि चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांतल्या आपल्या मंडळ्यांत गुलाममालकांना सभासद म्हणून ठेवले होते आणि गुलाममालकांच्या देणग्याही स्वीकारल्या होत्या. त्यावर १८४०च्या दशकात मोठा वाद झाला, बोर्डाने कठोर भूमिका घ्यायचे टाळले, आणि नाराज झालेल्या गुलामगिरीविरोधकांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठी तिने पुढे स्थापलेल्या संस्थांत नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ आहे, आणि सुरुवातीला सांगितलेल्या १८०७ च्या त्या आवृत्तीची एक दुर्मीळ प्रत आज तिथेच जपलेली आहे. आपल्याला शाळा, दवाखाने आणि सुवार्ता देणाऱ्या लोकांबद्दल कृतज्ञ राहूनही हे सांगता येते. वर्गात तसेच सांगावे.

हरकती

एक हरकत अशी येते की त्या काळी कोणालाच हे पाप वाटत नव्हते, मग आजच्या मापाने त्यांना कशाला मोजावे. याचे उत्तर इतिहासातच आहे. चौथ्या शतकात निस्साचे ग्रेगरी या बिशपांनी उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना गुलाममालकांना थेट विचारले होते की देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती ठरवलीत. १५११ साली हिस्पानिओला बेटावर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूने स्पॅनिश वसाहतवाल्यांना त्यांच्या तोंडावर विचारले की ही मूळ रहिवासी माणसे नाहीत काय. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊन गावी क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका छोट्या गटाने, लोकांनी तुमच्याशी जसे वागावे असे वाटते तसेच तुम्ही वागा, या वचनावर बोट ठेवून लेखी निषेध केला. म्हणजे सांगणारे प्रत्येक काळात होते. ऐकायचे नाही, हा निर्णय होता.

दुसरी हरकत हामाला मिळालेल्या शापाची : नोहाने आपला मुलगा हाम याला दास होण्याचा शाप दिला आणि कृष्णवर्णीय लोक त्याचे वंशज, असे सांगितले जाते. ती आली तर वाद न घालता उत्पत्तीचा नववा अध्याय उघडायला सांगावा. नोहाचा शाप हामाला नसून त्याचा मुलगा कनान याला आहे आणि कोणाच्याही कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेख नाही.

तिसरी हरकत जास्त नाजूक असते : हे सगळे अमेरिका आणि आफ्रिकेचे, आपला त्याच्याशी काय संबंध. हिचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा पुढच्या बैठकीत द्यावे.

आपल्या मंडळीकडे वळताना

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चपासून वळावे, कारण तिथली सुरुवात प्रभुभोजनाच्या मेजापासून झाली. गोऱ्या सभासदांना कृष्णवर्णीयांबरोबर एकत्र प्रभुभोजन घेणे अवघड जात होते. १८५७ साली सिनडने ठरवले की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्रानुसार योग्य आहे, पण काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना चालवायला हरकत नाही. १८८१ साली गोरे नसलेल्यांसाठी वेगळे मिशन चर्च झाले, आणि १९४८ नंतर सरकारने वर्णभेदाची राज्यव्यवस्था उभी केली तेव्हा तिला धर्माचा पाठिंबा तयार होता. त्याच वेगळ्या केलेल्या मिशन चर्चने १९८२ साली बेलहार येथे श्रद्धेचा एक कबुलीजबाब तयार केला आणि १९८६ साली स्वीकारला. देव विशेषत्वाने दीन, दरिद्री आणि अन्यायग्रस्तांचा देव आहे आणि चर्चने देव जिथे उभा आहे तिथे उभे राहिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आधी पहिले करिंथकरांस ११ आणि याकोब २ वाचून मग ही हकीकत सांगावी. उपाशी गरिबापुढे जेवणारे करिंथचे सभासद आणि चांगले कपडे घातलेल्याला मानाची जागा देणारी याकोबाची मंडळी डोळ्यांपुढे आली की पुढचा प्रश्न चालकाला विचारावा लागत नाही.

भारतातल्या मंडळ्यांत जातवार बाके, जातवार प्याले आणि जातवार कबरस्ताने होती, काही ठिकाणी आजही आहेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ सालीच जात निःसंदिग्धपणे, ताबडतोब आणि कायमची सोडली पाहिजे असे पत्र दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहिले होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शीख दलितांना तो १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाला. म्हणजे गावात जात सुटत नाही, चर्चमध्ये ती नाही असे सांगितले जाते आणि कागदावर ती मान्य होत नाही. या तिहेरी कोंडीतूनच दलित धर्मचिंतन उभे राहिले. अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला तेव्हा त्यांनी अनुवादाच्या २६व्या अध्यायातली, माझा पूर्वज भटकणारा अरामी होता, ही कबुली हाताशी घेतली. वर्गानेही ती वाचावी आणि आपापल्या पूर्वजांबद्दल असे एक वाक्य, ज्याला वाटेल त्याने, लिहावे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले होते, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली होती. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांना हा संबंध दिसला. मंडळीत बसलेल्या आपल्याला तो दिसू नये याला काही कारण नाही.

आता नोंदवह्या काढाव्यात. विवाहाच्या वहीत गेल्या काही दशकांत वेगवेगळ्या समाजांतून आलेल्या घरांमध्ये किती लग्ने झाली, पंच कमिटीवर कोणती आडनावे पुन्हा पुन्हा येतात, स्वच्छतेचे काम नेहमी कोण करते, दफनाच्या जागा कशा वाटल्या गेल्या, याचा शोध दोघातिघांनी मिळून घ्यावा आणि कोणाचेही नाव न घेता वर्गापुढे मांडावा. कोणाला लाजवणे हा हेतू नसावा, परंतु जे सापडेल ते सौम्य करूनही सांगू नये.

अन्याय मंडळीच्या भिंतीबाहेरही आहे, म्हणून नहेम्याचा पाचवा अध्याय एकदा वाचावा. कर्जापायी शेते गहाण पडली, मुलेबाळे दास झाली, आणि उसने देणारे त्यांचेच भाऊबंद होते, अशी ती तक्रार आहे. नहेम्याने सभा बोलावून शेते आणि व्याज परत करायला लावले. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली असली तरी वीटभट्टीवरचे कातकरी कुटुंब किंवा कोयता घेऊन निघालेली ऊसतोड मजुराची जोडी उचलीच्या हिशेबात कशी अडकते, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. विल्यम केरी, ज्यांनी पुढे १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्यांनी १७९२ साली इंग्लंडमध्ये असताना नोंदवले होते की गुलामांच्या श्रमाची साखर सोडणाऱ्या कुटुंबांनी आपले हात रक्तापासून स्वच्छ केले आणि दर आठवड्याला काही पैसेही वाचवले. आपल्या घरातल्या विटा, साखर आणि घरकाम यांच्यामागे कोणाची उचल आहे, हे विचारण्यासाठी हे जुने उदाहरण पुरेसे आहे.

कबुली आणि कृती

प्रार्थनेची घाई करू नये. कठीण बैठकीच्या शेवटी कोणीतरी उठून, प्रभू आम्हा सर्वांना क्षमा कर, अशी मोघम प्रार्थना करते आणि सगळ्यांना हलके वाटते. ज्यांनी सोसले त्यांना मात्र आपला विषय बंद झाला असे वाटते. प्रत्येक बैठकीच्या शेवटी विलापाचे एक स्तोत्र वाचून थांबावे, आणि पापाची कबुली शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवावी. ती लिहून काढावी, तिच्यात काय घडले, कोणी केले आणि कोणाला सोसावे लागले हे स्पष्ट असावे, आणि ज्यांना सोसावे लागले त्यांनी ती आधी वाचून मान्य केलेली असावी. क्षमा करणे हे त्यांच्याकडून मागून घेण्याचे कर्तव्य नाही. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवणुकीची चौपट भरपाई देऊ केली, तेव्हा येशूने त्याच्या घरी तारण आले असे म्हटले. लूक १९ मधला हा क्रम वर्गाने ध्यानात घ्यावा.

कृती एकच ठरवावी, पण ती पंच कमिटीच्या इतिवृत्तात लिहिली जाईल अशी असावी : दफनभूमीतली जातवार वाटणी बंद करणे, पंच कमिटीची रचना बदलणे, स्वच्छतेचे काम पाळीपाळीने सर्व घरांनी करणे, मंडळीच्या बांधकामावरच्या मजुरांना ठरलेली मजुरी रोख आणि पावतीसह देणे, किंवा एखाद्या वीटभट्टीवरच्या मुलांसाठी हंगामभर शाळेची सोय करणे. ठरावात जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदत असावी. बरोबर एका वर्षाने तोच गट पुन्हा बोलवावा, ठराव मोठ्याने वाचावा, आणि पहिला बोलण्याचा अधिकार ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांना द्यावा. काम झाले नसेल तर तेही त्याच इतिवृत्तात लिहावे आणि नवी मुदत घालावी.